अँफोटेरिसिन बी: साधं की लायपोसोमल?

मे २०२१ मध्ये काळ्या बुरशीच्या रुग्णांचे नातेवाईक चिठ्ठी घेऊन दुकानोदुकानी फिरत होते, ते बुरशीवरच्या या इंजेक्शनाच्या दुसऱ्या, लायपोसोमल प्रकारासाठी. त्याच महिन्यात वर्ध्यातही अँफोटेरिसिन बीच्या इंजेक्शनाचं उत्पादन सुरू झालं, पण ते लायपोसोमल नव्हे, इमल्शन प्रकाराचं.

औषध दोन्हींत एकच. बुरशीच्या पेशीच्या आवरणातल्या एर्गोस्टेरॉल या स्निग्ध पदार्थाला ते चिकटतं आणि आवरण गळकं करतं. पण आपल्या पेशींतलं कोलेस्टेरॉल त्याचंच चुलत भावंड! म्हणून साधं औषध मूत्रपिंडालाही सोडत नाही. सलाईन सुरू झालं की हुडहुडी, ताप; पुढे रक्तातलं क्रिएटिनिन (मूत्रपिंड थकल्याची खूण) चढतं, पोटॅशियम घसरतं.

लायपोसोमल प्रकारात तेच औषध १०० नॅनोमीटरहून लहान, स्निग्ध गोळ्यांच्या भिंतीत बसवलेलं असतं. बुरशीपाशी पोचेपर्यंत बरंचसं तिथेच राहतं. मूत्रपिंडाला धोका कमी. शून्य मात्र नाही.

खरी मेख मात्रेत आहे. साधं दिवसाला किलोमागे साधारण १ मिलिग्रॅम, लायपोसोमल काळ्या बुरशीत ५ किंवा जास्त. म्हणजे ६० किलोच्या माणसाला ५० मिलिग्रॅमच्या रोज सहा बाटल्या, तेही कित्येक दिवस. खर्चाचा अंदाज इथेच येतो. आणि नाव एकच म्हणून लायपोसोमलइतकी मात्रा साध्या औषधाची दिली, तर जिवावर बेतू शकतं.

काळा आजारात (वाळूमाशीतून पसरणारा परजीवीचा आजार; त्यावरही हेच औषध चालतं) मात्र मला तुलनाच उरलेली दिसत नाही. साध्याच्या दिवसाआड १५ सलाईन, लायपोसोमलचं किलोमागे १० मिलिग्रॅमचं एकच. बिहारमधल्या मजुराचा महिनाभराचा रोज बुडत नाही.