पीएसक्यूएलचं सीएसव्ही आउटपुट: रोज वापरल्यावर काय दिसलं

पोस्टग्रेस या डेटाबेसच्या 12व्या आवृत्तीत (2019) त्याच्या कमांड-लाइन क्लायंटला, म्हणजे पीएसक्यूएलला, सीएसव्ही (स्वल्पविरामाने वेगळ्या केलेल्या मूल्यांचा) फॉरमॅट मिळाला. त्याआधी डॅश-ए (रकाने न जुळवता छापणं) आणि डॅश-एफ (मधलं चिन्ह ठरवणं), दोन्ही मोठ्या लिपीतले, लावून काम भागवायचं. पत्त्यात एक स्वल्पविराम आला की पुढचे कॉलम सरकले, आणि तळाला ओळींची संख्याही फाइलमध्ये. आता डॅश-डॅश-सीएसव्ही लावलं की स्वल्पविराम, नवी ओळ किंवा अवतरण असलेलं फील्ड आपोआप अवतरणात जातं, आतलं अवतरण दुप्पट होतं, तळाची ओळ येत नाही. हेडर नको तर सोबत लहान टी, म्हणजे डॅश-टी. रिपोर्टसाठी दुसरं काही वापरावंसंच वाटत नाही.

पण नल, म्हणजे मूल्यच नसणं! 7 नंबरच्या ग्राहकाचा फोन नल आहे, 8 नंबरचा रिकामी स्ट्रिंग. आउटपुट पाहा:

7,
8,

फरक गायब. सर्व्हरची कॉपी कमांड (डेटा फाइलमध्ये काढणारी आणि फाइलमधून भरणारी) याच ओळी अशा देते:

7,
8,""

पहिली फाइल कॉपीने परत लोड केली तर दोन्ही नल होतात. कॉलम नॉट-नल (नल न चालणारा) असेल तर लोड तिथेच अडतं, हे बरं. नसेल तर डेटा गुपचूप बदलतो, आणि मला खरा राग याचाच आहे.

हा बग आहे, असं माझं ठाम मत होतं. आता तसं म्हणणार नाही. पीएसक्यूएलचे बाकीचे फॉरमॅटही नल कसा दाखवायचा हे पीसेट या आउटपुटचं रूप ठरवणाऱ्या कमांडच्या नल सेटिंगवरून ठरवतात. तिथे डेटात कधीच न येणारी खूण द्या, लोड करताना कॉपीच्या नल पर्यायात तीच लिहा. रिकामी स्ट्रिंग रिकामीच राहते. तरी अवतरणाची ती जोडी इथेही मिळायला हवी होती.

म्हणून परत लोड करायची फाइल मी बॅकस्लॅश-कॉपीनेच, म्हणजे पीएसक्यूएलमधून कॉपी चालवणाऱ्या कमांडनेच, काढतो. त्यात अख्खी क्वेरी एकाच ओळीत लिहावी लागते, हा ताप आहेच. पण ती डेटा ओघात पाठवते. सीएसव्ही फॉरमॅट आधी पूर्ण निकाल मेमरीत घेतो. मोठ्या टेबलला फेच-काउंट (एका वेळी किती ओळी आणायच्या) सेट करा, नाहीतर मशीन गुदमरतं.

स्क्रिप्टमध्ये मोठा एक्स, म्हणजे डॅश-एक्स, विसरू नका; त्याने पीएसक्यूएलआरसी ही सुरुवातीची सेटिंग फाइल वाचली जात नाही. त्या फाइलमध्ये टायमिंग (क्वेरीला लागलेली वेळ दाखवणं) चालू असेल तर ती वेळ आउटपुट फाइलच्या शेवटी चिकटते. आणि एक्सेलमध्ये मराठी नावांची अक्षरं बिघडली तर फाइलच्या सुरुवातीला यूटीएफ-8चा बीओएम (एन्कोडिंग ओळखायची खूण) जोडा. पीएसक्यूएल तो स्वतःहून लिहीत नाही.