जुना पार्ट हातात घेतल्याशिवाय गॅरेजमधून हलू नका: सायलेन्सर लीकेजच्या नावाखाली माझे 22,750 रुपये गेले

22,750 रुपये. सतरा दिवसांत, तीन वेळा मिळून, माझ्या हाताने दिलेले. आणि गाडीतला एक किमती पार्टही गेला, तोही डोळ्यांदेखत. हे लिहायला लाज वाटते. घरात सासूबाईंना अजून पूर्ण आकडा सांगितलेला नाही. पण रविवारी आमच्या सोसायटीतले एक काका लिफ्टमध्ये म्हणाले, "गाडीचा कॅट चोक झालाय म्हणतोय मेकॅनिक," आणि माझ्या पायाखालची वाळू सरकली. तेच शब्द, तोच भाग: कॅट, म्हणजे सायलेन्सरच्या पाइपमधला धूर स्वच्छ करणारा डबा. म्हणून लिहितेय.

गाडी 2008 ची वॅगन आर. बाबांची. ते गेल्यावर माझ्या नावावर केली, 2023 मध्ये पंधरा वर्षं भरली तेव्हा पाच हजार फी भरून रीतसर नोंदणी वाढवून घेतली. "एवढी जुनी गाडी ठेवायचीच कशाला" हे मला कृपया कोणी सांगू नका. रोज ऐरोलीहून विटावा-कळवा मार्गे ठाण्याला शाळेत जाते. गाडीने कधी दगा दिला नाही, दगा माणसाने दिला.

जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात विटाव्याला रेल्वेच्या पुलाखाली पाणी साचलं होतं, नेहमीसारखं. मी गाडी त्यातूनच काढली. दोन दिवसांनी सकाळी स्टार्ट केल्यावर बॉनेटमधून टक-टक-टक आवाज यायला लागला. दोन-तीन मिनिटं यायचा, मग आपोआप बंद. आता कळतं की दुखणं काय आहे हे तो आवाजच सांगत होता. थंड असताना इंजिनाचा धूर नेणाऱ्या पाइपच्या जोडातून गॅस फटीवाटे बाहेर येतो, लोखंड तापून फुगलं की फट मिटते, आवाज जातो. तापलेला पाइप अचानक थंड पाण्यात गेला की जोड हलतो, तो आवळणारा बोल्ट, म्हणजे स्टड, तुटतो. जुन्या गाडीत आधीच गंज, त्यात आमच्याकडे खाडीचा वारा. एवढीच गोष्ट होती.

गॅरेज एमआयडीसीच्या एका आतल्या गल्लीतलं. शाळेतल्याच एका सहकाऱ्यांनी सुचवलं होतं, रस्त्यावरून उचललेला माणूस नव्हता. बोर्ड होता, रॅम्प होता, दोन पोरं हाताखाली होती. मी मुद्दाम सांगतेय, कारण ज्याला सांगावं तो आधी हेच विचारतो, "बघून नाही का गेलीस?" बघूनच गेले होते.

पहिल्यांदा मालक म्हणाला, मफलरचा, म्हणजे आवाज दाबणाऱ्या मागच्या डब्याचा, जोड फुटलाय. गॅस वेल्डिंग, 1,850 रुपये. दुसऱ्या दिवशी सकाळी आवाज तसाच.

दुसऱ्यांदा गाडी रॅम्पवर चढवून मला खाली बोलावलं. "मॅडम, हे बघा," म्हणत मॅनिफोल्डवर, म्हणजे इंजिनाला जोडलेल्या धुराच्या पहिल्या पाइपवर, टॉर्च मारला, तर खरंच धूर निघत होता. निळसर, दाट. जळक्या तेलाचा वास आला. मला वास आला होता, हे मी शपथेवर सांगते. पण मला वाटलं गाडी जुनी आहे, असेल. तापलेल्या मॅनिफोल्डवर चार थेंब इंजिन ऑइल टाकलं की असाच धूर येतो. लीकेजचा धूर असा दिसत नाही. जोडातून लीकेज असेल तर तिथे काजळीची काळी रेघ दिसते, आणि ती थंड गाडीतही दिसते. मग तो जे बोलला ते मला अजून झोपू देत नाही. "मुलगा मागे झोपतो ना गाडीत? हा गॅस आत येतो, वास येत नाही, माणूस झोपेतच जातो." कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो हे मी वर्गात शिकवते. त्याने सांगितलेली गोष्ट खरी होती, म्हणून तर मी घाबरले. मॅनिफोल्ड बदलायचे 6,400 दिले. निम्मे यूपीआयवर दिले, ते भलत्याच नावाच्या खात्यात. "मेहुण्याचं आहे" म्हणाला.

तिसऱ्यांदा कॅट, म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. चोक झालाय, त्याच्या दाबानेच जोड फुटतात, बदलला नाही तर पीयूसीत नापास आणि दहा हजारांपर्यंत दंड. 14,500 रुपये.

त्या दिवशी मी तिथेच प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून होते. पोराने जुना पॅकिंग काढला, कोपऱ्यातल्या भंगाराच्या ढिगात फेकला. गंजके बोल्ट फेकले. तुटका हँगर फेकला. आणि कॅट काढला तेव्हा मालक स्वतः उठला, तो दोन्ही हातांत घेतला, वर्तमानपत्रात गुंडाळला, गोणपाटाच्या पिशवीत घातला आणि आतल्या लोखंडी कपाटात ठेवून कपाटाला कुलूप लावलं. किल्ली खिशात टाकली.

मी हे पाहिलं. पूर्ण पाहिलं. टाकाऊ वस्तूला कुलूप कोण लावतं? एवढा एक प्रश्न मला तिथे पडायला हवा होता. मी विचारलंसुद्धा, "जुना मला मिळेल का?" तो म्हणाला, "कंपनीत जमा करावा लागतो मॅडम, पर्यावरणाचा नियम आहे." आणि मी मान डोलावली! वीस वर्षं शिक्षिका आहे, पोरांच्या डोळ्यांवरून खोटं ओळखते. शाळेला उशीर होत होता, पाऊस होता, मुलाला आणायचं होतं. ही कारणं खरी आहेत. पण तोंड उघडायला किती वेळ लागतो?

त्या डब्यातल्या जाळीवर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असतं. मारुती ईको गाड्यांचे सायलेन्सर रात्रीत याच मालासाठी चोरीला जातात, बातम्या सगळ्यांनी वाचल्या आहेत, मीही वाचल्या होत्या. रात्रीच्या चोराला निदान गाडीखाली शिरावं लागतं. इथे मी गाडी स्वतः नेऊन दिली आणि वर मजुरीही दिली.

उघडकीला आलं पीयूसीला. बीएस-3 या प्रदूषण मानकाच्या पेट्रोल गाडीला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा 0.5 टक्के, माझ्या कागदावर 3.1. हायड्रोकार्बनची, म्हणजे न जळलेल्या पेट्रोलची, मर्यादा 750, माझं 1,340. यंत्रावरचा मुलगा म्हणाला, "ताई, कॅट काढून टाकलाय का कोणी?" मला चक्कर आली. ॲव्हरेजही तोवर पडलं होतं. फट धुरातला ऑक्सिजन मोजणाऱ्या सेन्सरच्या आधीच्या जोडात असली की तिथून बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सरला वाटतं पेट्रोल कमी पडतंय, गाडी जास्त ओतते.

मग वागळे इस्टेटमधल्या एका वयस्क मिस्त्रींकडे गेले. त्यांनी पहिली अट घातली: गाडी रात्रभर इथेच ठेवा, थंड गाडीच बघणार. जो मेकॅनिक तापलेल्या गाडीत लीकेज शोधून देतो त्याच्याकडून किल्ली परत घ्या, हे मी आता सगळ्यांना सांगते. सकाळी त्यांनी स्टार्ट करून मागे सायलेन्सरच्या तोंडावर जाड फडकं दोन-तीन सेकंद दाबून धरलं, तर पुढून फुस्स असा आवाज स्पष्ट आला. साबणाचं पाणी जोडावर मारलं, बुडबुडे आले. मॅनिफोल्ड आणि पाइपच्या जोडाचा एक स्टड तुटलेला, दुसरा ढिला, पॅकिंग जळालेलं. पॅकिंग 240, दोन स्टड 160, मजुरी 900. एकूण 1,300 रुपये. मूळ दुखणं तेवढंच होतं!

"नवीन" मॅनिफोल्डवर त्यांनी नख ओढलं. चंदेरी रंग निघाला, खाली माझाच जुना गंज. कॅटवर पान्याने टकटक केलं, रिकाम्या डब्यासारखा वाजला. सेन्सर काढून त्या भोकातून छोटा कॅमेरा आत घातला. मधमाशीच्या पोळ्यासारखी जाळी दिसायला हवी, मोबाईलवर नुसत्या पत्र्याच्या भिंती दिसत होत्या. दुसरा कॅट घालायला 11,200 लागले. म्हणजे सगळे मिळून 35,250.

परत त्या गॅरेजला गेले तर ओळखच दाखवेना. "बिल दाखवा." बिल म्हणजे वहीच्या कागदावर आकडे, ना जीएसटी नंबर, ना शिक्का. पक्कं बिल मागितलं की 18 टक्के जास्त पडतील असं म्हणाला होता, म्हणून मीच नको म्हटलं होतं. ते 18 टक्के वाचवू नका. पक्क्या बिलावर पार्टचं नाव आणि नंबर लिहून घ्या. यूपीआय करताना नाव वेगळं आलं तर तिथेच थांबा.

आता पोलिसांचं. चौकीत पहिल्या दिवशी सांगितलं, साहेब बंदोबस्तात आहेत. दुसऱ्या दिवशी, हद्द आमची नाही. हद्दीत गेले तर, "मॅडम, हा दिवाणी मामला आहे, ग्राहक मंचात जा." भारतीय न्याय संहितेत फसवणुकीला कलम 318 आहे हे मी छापून नेलं होतं, तो कागद त्यांनी उलटा करून त्यावर चहाचा ग्लास ठेवला. ग्लास! माझ्यासमोर. एकाने विचारलं, "गाडीचं मिस्टर नाही का बघत?" आरटीओच्या खिडकीवर सांगितलं, गॅरेज आमच्या अखत्यारीत नाही, पण पीयूसीशिवाय गाडी दिसली तर दंड होईल. म्हणजे कॅट चोरणारा कोणाच्याच अखत्यारीत नाही आणि जिचा चोरला ती मात्र सगळ्यांच्या! चार फेऱ्या, चार अर्ध्या रजा, आणि हातात पोच म्हणून एकाही कागदावर सही नाही.

ज्यांच्यावर ही वेळ येईल त्यांनी तोंडी सांगू नका. लेखी अर्ज द्या, नाही घेतला तर वरिष्ठ अधिकाऱ्यांना टपालाने पाठवा, कायद्यात ती सोय आहे. मीही पाठवला आहे. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला फी नाही आणि दोन वर्षांची मुदत असते. त्याआधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या नंबरवर तक्रार नोंदवता येते. सगळीकडे कागद लागतो. गाडी आत देण्याआधी खालून कॅटचा, मॅनिफोल्डचा फोटो काढा, खडूने खूण करा. जुना पार्ट गाडीत ठेवून घ्या, तो तुमचा आहे, कुठल्याही कंपनीत जमा करावा लागत नाही.

पोलीस ठाण्यात एका हवालदारांनी जाता जाता हळूच सांगितलं, "एकट्या बाईची तक्रार आहे म्हणून घेत नाहीत, चार जण असते तर घेतली असती." म्हणून ऐरोली, रबाळे, घणसोलीकडे कोणाच्या गाडीचा कॅट गेल्या वर्षभरात बदलला असेल आणि जुना परत मिळाला नसेल, तर एकदा पान्याने टकटक करून बघा. रिकामा वाजला तर मला कळवा. मंगळवारी दुपारी शाळा सुटल्यावर मी पुन्हा जाणार आहे. बरोबर चला.