हॉर्न्सडेलची बॅटरी : सेकंदांना पुरून उरते, तासांना पुरत नाही

दक्षिण ऑस्ट्रेलियात जेम्सटाउनजवळ ९९ पवनचक्क्यांच्या शेजारी ही बॅटरी उभी आहे. यंत्रं टेस्लाची, मालकी निओएन या फ्रेंच कंपनीची. डिसेंबर २०१७ मध्ये सुरू झाली तेव्हा क्षमता (एका क्षणी किती वीज देता येते) १०० मेगावॅट आणि साठा (एकूण किती ऊर्जा मावते) १२९ मेगावॅट-तास होता. २०२० मध्ये हे आकडे १५० मेगावॅट आणि १९३.५ मेगावॅट-तास झाले.

तिची गरज का पडली, ते २८ सप्टेंबर २०१६ च्या दुपारी दिसलं. वादळात वाहिन्यांचे मनोरे कोसळले आणि दोन मिनिटांत व्होल्टेज सहा वेळा खचलं. असे किती धक्के सोसायचे याची मर्यादा पवनचक्कीच्या कंट्रोलरमध्ये घातलेली असते. ती ओलांडली गेली आणि नऊ पवनप्रकल्पांचं ४५६ मेगावॅट उत्पादन सात सेकंदांच्या आत गेलं. सगळा भार व्हिक्टोरियाकडून येणाऱ्या हेवूड वाहिनीवर आला, तीही ट्रिप झाली, म्हणजे आपोआप तुटली, आणि अख्खं राज्य अंधारात गेलं. वारा भरपूर होता, घात सेटिंगने केला.

सेटिंग नंतर बदलली, पण इनर्शियाचा, म्हणजे फिरत्या यंत्रांच्या जडत्वाचा, प्रश्न उरला. पुरवठा मागणीपेक्षा कमी पडला की ग्रीडची (वीजजाळ्याची) फ्रिक्वेन्सी, म्हणजे विजेची सेकंदाला होणारी आवर्तनं, घसरते. औष्णिक जनित्राचा जड रोटर तेव्हा स्वतःची फिरती ऊर्जा आपोआप ग्रीडला देतो. इन्व्हर्टरमागची (इलेक्ट्रॉनिक उपकरणातून ग्रीडला जोडलेली) पवनचक्की मुद्दाम तशी व्यवस्था केल्याशिवाय देत नाही. इथे ही बॅटरी खरंच कौतुकास्पद आहे. फ्रिक्वेन्सी ५० हर्ट्झच्या जितकी खाली जाईल, तितकी जास्त वीज ती सेकंदाच्या काही अंशात सोडते. १४ डिसेंबर २०१७ ला व्हिक्टोरियात लॉय यांग औष्णिक केंद्राचा ५६० मेगावॅटचा संच बंद पडला, तेव्हा तिने ७.३ मेगावॅट दिले. आकडा छोटा आहे, पण फ्रिक्वेन्सी तेवढीच घसरली होती. विस्तारानंतर ती कृत्रिम इनर्शियाही देते, म्हणजे जड रोटरची नक्कल इन्व्हर्टरकडून करवते. तरीही राज्याला डेव्हनपोर्ट आणि रॉबर्ट्सटाउनला चार सिंक्रोनस कंडेन्सर (इंधनाविना फिरत राहून ग्रीडला इनर्शिया देणारी जड यंत्रं) बसवावेच लागले.

वारा पडला तर मात्र तिच्यावर विसंबू नये. २०१६ मध्ये वीज गेली त्या क्षणी राज्याची मागणी १,८२६ मेगावॅट होती. त्या हिशेबाने १२९ मेगावॅट-तासांचा साठा सव्वाचार मिनिटांचा, आणि तोही इन्व्हर्टर एवढी वीज देऊ शकले असते तर! शिवाय मूळच्या १०० पैकी ७० मेगावॅट ग्रीडच्या सुरक्षेसाठी राखीव, तेही सुमारे १० मिनिटांपुरते. उरलेले ३० मेगावॅट तीन तास विकता येत. आपल्या साताऱ्याच्या पठारावर पावसाळ्यात सुटणारा वारा हिवाळ्यासाठी साठवायचं काम असल्या बॅटरीचं नव्हे.

म्हणून अशा बॅटरीची निविदा वाचताना मेगावॅट आणि मेगावॅट-तास हे दोन्ही आकडे वेगवेगळे मागा, आणि कबूल केलेली सेवा प्रत्यक्ष मिळते का हे मोजायची तरतूद करारातच घाला. जुलै ते नोव्हेंबर २०१९ मध्ये हॉर्न्सडेलने बाजारात देऊ केलेली फ्रिक्वेन्सी सेवा (घसरलेली फ्रिक्वेन्सी सावरायला वीज देण्याची हमी) पुरवायला ती पूर्ण सज्ज नव्हती. ऑक्टोबरमध्ये क्वीन्सलँडचा कोगन क्रीक औष्णिक संच ट्रिप झाला तेव्हा ते लक्षात आलं, आणि २०२२ मध्ये न्यायालयाने कंपनीला ९ लाख ऑस्ट्रेलियन डॉलर दंड केला.