एक्सेलचा "लाईफटाईम" कोर्स : मार्च एंडिंगपासून दिवाळीपर्यंत वापरून झाल्यावर

ज्या कोर्सवर "लाईफटाईम ॲक्सेस" असं ठळक छापलंय त्याला पैसे भरायच्या आधी विचारून घ्या की लाईफटाईम कुणाचा. माझा चालू आहे, कोर्सचा संपला. ऐन दिवाळीच्या तोंडावर, दुकानात मान वर करायला फुरसत नसते तेव्हा, ॲप उघडलं तर म्हणे व्हॅलिडिटी संपली. फोन केला तर तिकडचा मुलगा सांगतो, मॅडम जुनी बॅच बंद झाली, नवीन व्हर्जन आलंय, तुमच्यासाठी अर्ध्या किमतीत. म्हणजे मी एकदा विकत घेतलेलीच वस्तू मला परत अर्ध्या किमतीत विकणार! मग जाहिरातीचा स्क्रीनशॉट, पावतीचा स्क्रीनशॉट, आणि खाली कन्झ्युमर हेल्पलाईनचा 1915 नंबर, एवढं पाठवलं. दुसऱ्या दिवशी "टेक्निकल इश्यू होता मॅडम" म्हणून चालू. नाव लिहीत नाही, इंदुरात भंवरकुआंच्या बाजूला दर दोन पाट्यांमागे एक असा क्लास आहे, सगळ्यांचं धोरण साधारण हेच असणार.

आता मुद्द्याचं. मी सियागंजात एका मसाल्याच्या ठोक पेढीवर हिशेब बघते. टॅली हातातलं आहे, एक्सेल म्हणजे बेरीज आणि फार झालं तर फिल्टर, एवढंच यायचं. कोर्समध्ये काय काय आहे ते सांगत बसत नाही, सगळ्याच कोर्समध्ये तेच असतं, सम, काउंटइफ, व्हीलूकअप, पिव्होट, चार्ट आणि शेवटी एक डॅशबोर्ड जो आयुष्यात कुणी परत उघडत नाही.

पण मला सगळ्यात जास्त छळलं ते कॉमाने. हसू नका. सर शिकवतात फॉरमॅटिंग, कॉमा स्टाईलचं बटण दाबतात आणि पडद्यावर येतं 1,250,000. आणि पुढे जातात! एक शब्द नाही. मी तसंच आमच्या उधारीच्या शीटला केलं, प्रिंट सेठजींच्या पुढे ठेवली, तर ते चष्मा वर करून बोट ठेवून बसले, एकं दहं शतं मोजायला लागले. मग म्हणाले, "बेटा, ये अमेरिका का हिसाब है क्या? साढ़े बारा लाख है तो साढ़े बारा लाख जैसा दिखना चाहिए." बरोबर आहे त्यांचं. ज्या माणसाने चाळीस वर्षं रोकडवहीत लाख-कोटी लिहिलेत त्याला मिलियन कशाला? इंदुरात शिकवताय, इथल्या मुलामुलींकडून फी घेताय, आणि लाखाचा कॉमा कुठे पडतो यावर एक पाच मिनिटांचा व्हिडिओ नाही.

शेवटी इकडून तिकडून शोधून कस्टम फॉरमॅट मिळाला, खाली देते, कॉपी करून ठेवा:

[>=10000000]##\,##\,##\,##0;[>=100000]##\,##\,##0;##,##0

कोटीच्या वर असेल तर पहिला भाग, लाखाच्या वर असेल तर दुसरा, बाकी सगळं तिसऱ्यात. छान दिसतं. दोन दिवस मी खूश. मग एका पार्टीचा माल परत आला, खात्यात मायनस पडलं, आणि बघते तर -500,000. कारण एक्सेलच्या या फॉरमॅटमध्ये अटी दोनच घालता येतात, तिसरा भाग म्हणजे उरलेलं सगळं, आणि मायनसवाले बिचारे सगळे त्या उरलेल्यात जातात. मायनससाठी वेगळं कंडिशनल फॉरमॅटिंग करून त्यात नंबरचा फॉरमॅट द्यायचा, तो उपाय चालतो पण दर शीटला कोण करत बसणार. खरा इलाज विंडोजच्या कंट्रोल पॅनलमध्ये आहे, रीजनमध्ये जाऊन ॲडिशनल सेटिंग्जमध्ये डिजिट ग्रुपिंग 12,34,56,789 करायचं, की एक्सेलचं साधं कॉमा बटणसुद्धा शहाणं होतं, मायनसही नीट. फक्त ते सेटिंग त्या मशीनचं असतं, फाईलचं नाही. सीएच्या ऑफिसात तीच फाईल उघडली तर परत मिलियन, तिथला कॉम्प्युटर अमेरिकेत बसलाय.

आणि चीड आणणारी गोष्ट सांगू? एक्सेलमध्ये बाटटेक्स्ट नावाचं फंक्शन आहे. थायलंडच्या बाटसाठी. आकडा द्या, ते थाई अक्षरांत रक्कम लिहून देतं. रुपयासाठी असं तयार फंक्शन नाही, चेकवर "अक्षरी रुपये" हवं असेल तर मॅक्रो लिहा. सरांना विचारलं तर म्हणाले, इट्स नॉट इन सिलॅबस. असो.

आता चांगलं काय ते पण सांगते, नाहीतर म्हणाल ही बाई नुसती भांडतेच. सरांनी एफ9 ची युक्ती दाखवली त्या एका व्हिडिओत माझे अर्धे पैसे वसूल. लांबलचक फॉर्म्युला आहे, कुठे बिघडलाय कळत नाही, तर फॉर्म्युला बारमध्ये त्यातला एक तुकडा माउसने सिलेक्ट करायचा आणि एफ9 दाबायचं, तेवढ्याच तुकड्याचं उत्तर तिथल्या तिथे दिसतं. मग एस्केप दाबून बाहेर यायचं, एंटर नाही, एंटर दाबलं तर तो आकडा तिथेच चिकटतो.

याच युक्तीने आमचा जीएसटीचा फॉर्म्युला सापडला. जीएसटी नंबरचे पहिले दोन अंक म्हणजे राज्य, आपलं मध्य प्रदेश 23, उंझ्याहून जिरं येतं ते 24, सांगलीची हळद 27, गुंटूरची मिरची 37. तर लेफ्ट फंक्शनने दोन अंक काढायचे, 23 असेल तर राज्यातल्या राज्यातला सीजीएसटी-एसजीएसटी, नसेल तर परराज्याचा आयजीएसटी, सोपं. पण शीटमध्ये सगळ्यांनाच आयजीएसटी लागत होता, अगदी शेजारच्या गल्लीतल्या पार्टीलासुद्धा! तुकड्यावर एफ9 दाबलं तर लेफ्टचं उत्तर आलं "23", अवतरण चिन्हात. म्हणजे ते अक्षर आहे, आकडा नाही, आणि आधीच्या माणसाने तुलना केली होती नुसत्या 23 शी. एक्सेलच्या दृष्टीने दोन्ही कधीच सारखे होणार नाहीत. 23 ला अवतरण चिन्हं घातली, झालं.

एक्सलूकअपचं, म्हणजे यादीत नाव शोधून त्याच्या ओळीतला भाव आणून देणाऱ्या नव्या फंक्शनचं, मात्र काय सांगावं. सर त्याच्यावर फिदा आहेत, आणि खोटं नाही, फंक्शन चांगलंच आहे, डावीकडचंही शोधतं, आणि तंतोतंत जुळलं तरच उत्तर देतं. त्याच कामाच्या जुन्या व्हीलूकअपमध्ये शेवटचा फॉल्स लिहायचा राहिला तर ते अंदाजे जुळवतं आणि यादी क्रमात नसेल तर बिनदिक्कत दुसऱ्याच मालाचा भाव आणून ठेवतं, एरर पण देत नाही. आमच्या रेट लिस्टमध्ये असे किती भाव असतील देव जाणे, मी सगळीकडे फॉल्स टाकत सुटले. पण एक्सलूकअप मायक्रोसॉफ्ट 365 मध्ये आहे, एक्सेल 2021 मध्ये आहे, आणि आमच्या दुकानात आहे 2016. घरी लॅपटॉपवर केलेली फाईल दुकानात उघडली की फॉर्म्युल्याच्या पुढे एक्सएलएफएन असं काहीतरी लागतं, आणि सेलमध्ये एंटर मारलं की नेमची एरर. कोर्सच्या पानावर कुठेही लिहिलेलं नाही की अमुक व्हर्जन लागेल. सेठजींना म्हटलं नवीन घेऊ या, ते म्हणाले पुराना चल रहा है ना. मग तेच काम करणारी इंडेक्स-मॅचची जोडी शिकले, ती कुठेही चालते. सरांनी ते "जुन्या लोकांसाठी" म्हणून सात मिनिटांत उरकलंय.

इथपर्यंत मी मे महिन्यात लिहून ठेवलं होतं आणि पाचपैकी दोन तारे देणार होते. पुढचं आत्ताचं.

डेटा क्लीनिंग म्हणून एक सेक्शन आहे, तो मी कंटाळून सोडला होता. पण दर महिन्याला 14 तारखेला जीएसटीआर-2बी येतं, त्यात पुरवठादारांनी चढवलेली बिलं असतात, ती आपल्या खरेदीशी जुळवायची. 2022 च्या जानेवारीपासून नियम असा की 2बी मध्ये दिसत नाही त्या खरेदीवर भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट नाही, म्हणजे जुळवणी चुकली तर सेठजींचे पैसे अडकतात आणि माझं डोकं. आणि जुळतच नाही! डोळ्याला दोन्हीकडे तेच बिल, तोच नंबर, फॉर्म्युला म्हणतो नाही. तेव्हा झक मारत तो सेक्शन बघितला. मागे लपलेली स्पेस, ट्रिम लावा, ठीक. पण वेबवरून कॉपी केलेल्यात कधीकधी एक वेगळीच स्पेस असते, कॅरेक्टर नंबर 160, तिला ट्रिम हातच लावत नाही, ती सबस्टिट्यूटने, म्हणजे एका अक्षराच्या जागी दुसरं घालणाऱ्या फंक्शनने, काढावी लागते. हे सरांनी सांगितलंय, नीट सांगितलंय, दोनदा सांगितलंय. इथे मात्र हात जोडते.

मग बिल नंबर. सांगलीची एक पार्टी बिलावर नंबर घालते 5/12 असा. एक्सेलमध्ये टाकलं की ती झाली 5 डिसेंबर. घाबरून कॉलमला टेक्स्ट केलं तर आलं 45996, कारण आतून तारीख म्हणजे एक आकडाच असतो, 1900 पासून मोजलेला. एकदा झालं की झालं, मूळ 5/12 परत येत नाही, परत टाइप करा. आधी कॉलम टेक्स्ट करायचा, मग टाकायचं, हाच क्रम. 0045 चे पुढचे शून्य गायब, 23ई5 असा नंबर असेल तर तो तेवीस लाख होतो, सगळं एकाच जातीचं दुखणं. आणि आपणच नाही हो यात, जीन्सवर काम करणाऱ्या शास्त्रज्ञांचीही हीच गत, मार्च1 नावाच्या जीनची तारीख व्हायची, तर 2020 मध्ये त्यांच्या नावं ठरवणाऱ्या कमिटीने जीनचंच नाव बदलून मार्चएफ1 केलं. सॉफ्टवेअर हटेना म्हणून विज्ञान बाजूला सरकलं! 2023 मध्ये 365 वाल्यांना शून्य आणि ई वगैरेचं आपोआप बदलणं बंद करायचं सेटिंग मिळालं. आम्ही 2016 वाले, आम्हाला काय त्याचं.

तर तारे दोनवरून साडेतीन. कॉमा जमला असता तर चार.

फॉरमॅटिंगचा उरलेला भाग बघू नका. सर सगळीकडे मर्ज अँड सेंटर मारतात, दिसायला देखणं, आणि नंतर सॉर्ट करायला गेलं की एक्सेल अडून बसतं की मर्ज केलेले सेल एका मापाचे हवेत. फॉरमॅट सेल्समध्ये अलाइनमेंटला सेंटर अक्रॉस सिलेक्शन आहे, तेच दिसतं आणि काही मोडत नाही, ते वापरा. रंग तर विचारूच नका, नवरात्रीचे नऊ एका शीटमध्ये.

पैशाचं म्हणाल तर, ज्यांच्याकडे एक्सेलच नाही त्यांनी आधी लिब्रेऑफिस उतरवून घ्या, फुकट आहे, आणि 24.8 पासून त्यात एक्सलूकअप, फिल्टर, सॉर्ट सगळं आलंय. मला हे फी भरल्यावर कळलं. घरच्या लॅपटॉपवर 365 चं वर्षाचं भाडं भरते ते पुढच्या वेळी भरणार नाही.

आणि एक गोष्ट जी कोर्समध्ये नाही आणि कुठल्याच हिंदी-इंग्रजी कोर्समध्ये असणार नाही, आपल्या लोकांसाठी लिहिते. आमच्या गणेश मंडळाची सभासदांची यादी मराठीत आहे, वर्गणीची वेगळी, दोन वेगळ्या माणसांनी टाइप केलेली. जुळवायला बसले तर गोऱ्हे काकू दरवेळी बाकीत. नाव तेच, स्पेस नाही, 160 नाही. लेन हे कॅरेक्टर मोजणारं फंक्शन लावून बघितलं, एका यादीत गोऱ्हे सहा कॅरेक्टरचं आणि दुसऱ्या यादीत सात. कारण अर्धा ऱ्ह दोन तऱ्हांनी टाइप होतो, एक सरळ ऱ ला हलन्त देऊन, दुसरा साध्या र ला हलन्त देऊन पुढे एक न दिसणारं जोडाक्षराचं कॅरेक्टर टाकून, नंबर 8205. डोळ्याला काडीचा फरक नाही. सबस्टिट्यूटमध्ये र्, अँडचं चिन्ह आणि युनिकॅर(8205) हे शोधायला दिलं, जागी ऱ् घातला, आणि सगळे बऱ्हाणपूरकर, कुऱ्हाडे, गोऱ्हे एका झटक्यात जुळले. नुसतं 8205 उडवू नका, गोर्हे होतं. काकूंची वर्गणी भाद्रपदाच्या आधीच जमा होती, पावतीसकट, आणि आमच्या खजिनदारांनी त्यांना तीनदा आठवण केली होती, त्यातली एक आरतीच्या वेळी माइकवरून.