वॉलसाठी हॉल घ्यावा की शेड?

दर दोन-तीन महिन्यांनी कुणाचा तरी फोन येतो. नाशिकहून, कोल्हापूरहून, कधी पुण्यातूनच. "आम्ही बारा-पंधरा जण आहोत, वर्गणी काढून क्लाइंबिंग वॉल, म्हणजे चढाईच्या सरावाची भिंत, उभारायची आहे. दोन जागा बघितल्यात, कुठली घेऊ?" त्या दोन जागा जवळपास ठरलेल्या असतात. एक वस्तीत, कुठल्याशा इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावरचा हॉल. दुसरी गावाबाहेर, वर्कशॉपांच्या रांगेतली पत्र्याची शेड. आम्ही दोन्हीत राहून झालं आहे. आधी कर्वेनगरच्या बाजूला हॉलमध्ये एकोणीस महिने, आणि आता नऱ्हे-धायरीच्या बाजूला शेडमध्ये तिसरं वर्ष. तेव्हा फोनवर तुकड्यातुकड्यांत सांगतो ते एकदा सलग लिहून टाकतो.

बोल्डरिंगच करायचं, म्हणजे दोराशिवाय बुटक्या भिंतीवर चढायचं आणि हात सुटला की खालच्या मॅटवर पडायचं, हे तुमचं ठरलं आहे असं धरतो. संस्थेचं कामही मार्गी लागलं असेल. सात जणांच्या सह्या मिळाल्या की १८६० च्या कायद्याखाली संस्था होते. धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणीही सोबत होते, आणि ती लवकर केलेली बरी, कारण भाडेकरार कुणा एकाच्या नावावर असला की सहा महिन्यांनी तो एकटाच मालकाचे फोन घेत बसतो. करार अकरा महिन्यांचा असला तरी आपल्याकडे नोंदवावा लागतो, तेही विसरू नका.

पैशाचं आधी उरकतो. निकाल तिथेच लागेल असं वाटतं, आमचा मात्र लागला नाही. हॉल साधारण नऊशे चौरस फूट, भाडं अडतीस हजार. शेड त्याच्या दुपटीहून मोठी, भाडं चौतीस. सभासदाची वर्गणी महिना दीड हजार धरली तर हॉलच्या भाड्यासाठी सव्वीस सभासद लागत होते, शेडच्या भाड्याला तेवीस पुरतात. म्हणजे शेड स्वस्त. पण शेडला आम्ही वायरिंग नव्याने केलं, शौचालय दुरुस्त केलं, छताला पांढरा रंग दिला, चार टर्बो व्हेंटिलेटर बसवले. दोन वर्षांचा हिशोब घातला तर फरक चहापाण्याइतका उरतो. तुमच्या गावचे आकडे वेगळे असतील, प्रमाण मात्र बहुधा हेच राहील.

उंचीत शेड उघड पुढे आहे. आमच्या हॉलमध्ये बीमखाली मोकळी उंची २.९ मीटर होती. चाळीस अंशांत पुढे झुकलेला मूनबोर्ड, म्हणजे ठरावीक मापाचा तयार सराव-बोर्ड, ३.१५ मीटरचा, तो तिथे बसूच शकत नव्हता. आम्ही सुताराला धरून घरचाच एक बुटका बोर्ड केला. तो चांगला झाला होता, पण माझ्यासारख्या सहा फुटी माणसाला तिसऱ्या होल्डवर, म्हणजे पकडीवर, भिंतीचा टॉप मिळायचा. शेडमध्ये चार मीटरची भिंत उभी करूनही वर जागा उरली. तरी उंचीसाठी मी हॉल सोडला नसता. बुटक्या भिंतीवर हात-बोटं तितकीच दुखतात.

उकाड्याबद्दल लोक मला सगळ्यात जास्त विचारतात आणि माझं उत्तर त्यांना पटत नाही. एप्रिल-मे मध्ये शेडमध्ये दुपारी जाणं हा वेडेपणा आहे, पत्रा अक्षरशः ओकतो. पण सूर्य मावळला की दोन तासांत शेड निवते. हॉलचा स्लॅब दिवसभर तापायचा आणि रात्री दहालाही भट्टीच्या भिंतीसारखा गरम लागायचा. त्यात खिडक्या एकाच बाजूला, त्यामुळे हाताला लावायच्या चॉकची धूळ हवेत तरंगत राहायची आणि नाकातून पांढरं यायचं. थर्मामीटर लावून मी काही मोजलेलं नाही. हाताला घाम कुठे कमी येतो एवढंच सांगू शकतो. सकाळी सहा ते आठ शेड, रात्रीही शेड, आणि दुपारी तीनला हॉल. दुपारी तीनला आपल्यातलं कोण मोकळं असतं?

पावसाळ्यात मात्र शेडने आम्हाला रडवलं. जून ते सप्टेंबर सह्याद्रीचा कातळ शेवाळलेला, तैलबैला काय नि ड्यूक्स नोज काय, सगळंच बंद. म्हणजे वॉलची खरी गरज याच चार महिन्यांत. पहिल्या पावसात पन्हळीतून पाणी आत आलं ते थेट मॅटवर. फोमला आतून ओल लागली की महिनाभर तो वास जात नाही. होल्डचे बोल्ट ज्यात बसतात ते प्लायमागचे टी-नट गंजले, काही बोल्ट जागेवरच जाम झाले आणि ते काढताना १८ मिलिमीटरचा प्लाय फाटला. शिवाय पत्र्यावर सर आली की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. हॉलमध्ये यातलं काही नव्हतं. शेड घेणार असाल तर मे महिन्यात पत्रे स्वतः चढून तपासा, मालकाच्या शब्दावर जाऊ नका. मॅट जमिनीवर न टाकता लाकडी पॅलेटवर ठेवा, आणि गंज न लागणाऱ्या टी-नटांचे पैसे वाचवू नका. आम्ही वाचवले होते.

आता हॉलची खरी ताकद: तो वाटेत होता. ऑफिसमधून घरी जाताना माणूस अर्धा तास डोकावायचा. कॉलेजची पोरं सायकलवर यायची. दोन जणी तर समोरच्या गल्लीत राहायच्या, कुकर लावून यायच्या आणि शिट्ट्या मोजून जायच्या, असं त्या गमतीने म्हणायच्या. सोमवार ते शुक्रवार रोज वीसेक डोकी. शेडमध्ये आठवड्यातल्या दिवशी सात-आठ आली तर खूप, रविवारी मात्र तीस. हलताना नऊ महिला सभासदांपैकी चौघींनी सोडलं, आणि त्यांचं कारण चुकीचं नव्हतं. रात्री साडेनऊला त्या रस्त्यावर दिवे नसतात, वर्कशॉपं बंद झालेली असतात, बस लवकर संपते. नंतर आम्ही गाड्या जोडून दिल्या, शेवटी शटर लावणाऱ्याने सगळे निघाल्याशिवाय निघायचं नाही असा नियम केला. दोघी परत आल्या. दोघी नाही आल्या. हे वजन पारड्यात टाकताना हलक्या हाताने टाकू नका.

मग तरी शेड का?

हॉलच्या खालच्या मजल्यावर दातांचा दवाखाना होता. जागा घेताना तो पाहून आम्हाला आनंदच झाला होता. राहतं घर नाही, दवाखाना आठला बंद होईल, मग आपलंच राज्य. प्रत्यक्षात दवाखाना साडेनऊपर्यंत चालायचा, कारण नोकरदार पेशंट संध्याकाळीच येतात. आमचे सभासदही नोकरदार. पहिल्याच आठवड्यात डॉक्टर स्वतः वर आले. भला माणूस. बूट काढून आत आले, भिंत पाहिली, कौतुक केलं आणि म्हणाले, "वरून धप्प झालं की पेशंट दचकतो. पेशंट दचकला की मी दचकतो. आणि माझ्या हातात ड्रिल असतं."

यावर काय बोलणार?

आम्ही आधी अंड्याच्या ट्रेसारखा फोम आणून भिंतींना लावला. आठ हजार गेले, काडीचा उपयोग झाला नाही. तो फोम हवेतला आवाज शोषतो, म्हणजे बोलणं, गाणी. माणूस पडल्याचा धक्का हवेतून जातच नाही, तो स्लॅबमधून आणि खांबांमधून जातो. मग मॅटखाली रबरी टाइल घातल्या, त्यावर रिबॉन्डेड फोमचा आणखी एक थर. धप्पचं धुप्प झालं. पण मॅट जितकी जाड केली तितकी आधीच बुटकी भिंत आणखी बुटकी झाली. शेवटी सभा घेऊन नियम केला: संध्याकाळी सहानंतर उडी मारायची नाही, टॉपवरून उतरून यायचं.

वाचायला तो नियम साधा वाटतो. वॉलवर त्याने काय केलं ते कळायला आम्हाला सहा महिने लागले. टॉपवरून उतरणं सोपं आहे. प्रश्न टॉपच्या आधीचा असतो, मधेच हात सुटण्याचा. बोल्डरिंगमध्ये दहापैकी नऊ वेळा आपण पडतोच, त्यातूनच दहावी वेळ येते. पण खाली कुणाच्या तरी तोंडात ड्रिल आहे हे माहीत असताना माणूस सुटेल अशी मूव्ह करतच नाही. भिंतीवरून डायनो, म्हणजे झेप घेऊन होल्ड पकडायच्या मूव्ह, गायब झाले. रूट सेट करणारे, म्हणजे होल्ड बदलून चढायच्या नव्या वाटा लावणारे, आपोआप आडवे ट्रॅव्हर्स लावू लागले. लोक क्रक्सपाशी, म्हणजे सगळ्यात अवघड मूव्हपाशी, यायचे, एकदा वर बघायचे आणि शहाण्यासारखे खाली उतरायचे. पडायची भीती कुणालाच नव्हती, पडल्याचा आवाज होईल याची होती. नवीन आलेल्या मुलांना तर वाटायचं, उतरणं हाच या खेळाचा भाग आहे.

त्या जानेवारीत आम्ही सहा जण हंपीला गेलो. कोरडा ग्रॅनाइट, खाली तीन पॅड, दोन मित्र हात पसरून उभे. शेवटच्या मूव्हला मी वर पाहिलं आणि उतरून आलो. पुन्हा गेलो, पुन्हा उतरलो. तिसऱ्या वेळी मित्र वैतागून म्हणाला, "अरे, इथे खाली डॉक्टर नाहीत." सगळे हसले, मीही हसलो. परतीच्या प्रवासात मात्र तेच डोक्यात होतं. मार्चमध्ये मी सभेत शेडचा विषय काढला.

सेटिंगचंही तेच. सभासदांनी चालवलेल्या वॉलवर रूट बदलायला पगारी माणूस नसतो. कुणीतरी रात्री नऊला मोकळा होतो आणि बोल्ट आवळायचा खडखडाटी इम्पॅक्ट ड्रायव्हर हातात घेतो. हॉलमध्ये तो चालवायची परवानगी फक्त रविवारी अकरा ते एक, आणि तेव्हा सगळे डोंगरात. परिणामी तीन-तीन महिने तेच प्रॉब्लेम, म्हणजे चढायच्या त्याच वाटा. लोक कंटाळतात आणि वर्गणी थकते.

शेडमध्ये आलो त्या आठवड्यात शेजारच्या वर्कशॉपचे मालक आमच्याकडे आले. आम्ही मनातल्या मनात माफीची वाक्यं जुळवत होतो. ते म्हणाले, "आमची पॉवर प्रेस दिवसभर ठोकत असते, तुम्हाला त्रास तर होत नाही ना?" तेव्हापासून आमचे लोक पुन्हा पडू लागले. रात्री अकरा वाजताही पडतात. पहिल्या महिन्यात एकाने घोटा मुरगळून घेतला. तोही दोन मॅटच्या फटीत पाय गेल्यामुळे, म्हणून आता सगळ्या मॅटवर एकच सलग कव्हर ताणलं आहे.

हे सगळं वाचून लगेच शेडचा करार करू नका. आमच्या हॉलच्या खाली माणसं होती, तुमच्याकडे तसं नसेल. तळमजल्याचा हॉल असेल, खाली थेट जमीन असेल आणि वरच्या मजल्यावर गोदाम असेल, तर मीसुद्धा कदाचित हॉलच घेईन, कारण वाटेत असण्याला तोड नाही. लहान मुलांचे वर्ग चालवून खर्च काढायचा विचार असेल तरीही हॉल बघा, आईवडील मुलांना औद्योगिक रस्त्यावर सोडायला कचरतात. तुमचे सभासद पंचवीस-तीस किलोमीटरवर विखुरलेले असतील तर शेड कुठेही असली तरी कुणाला तरी लांबच पडणार, तेव्हा तो मुद्दा सोडूनच द्या. आणि वरच्या मजल्यावर काहीही उभारण्याआधी इमारतीच्या स्लॅबबद्दल स्ट्रक्चरल इंजिनिअरचा सल्ला घ्या. आमच्यातला एक जण स्वतः तोच असल्यामुळे तेवढं तरी आमच्याकडून नीट झालं.

कुठेही गेलात तरी सांगाडा नट-बोल्टचा करा, वेल्डिंग करू नका, आणि मालकाच्या खांबाला भोक पाडू नका. आम्ही एवढं शहाणपण दाखवलं होतं म्हणून टेम्पोच्या चार फेऱ्या आणि दोन रविवारांत वॉल हलली.

हॉलच आवडला असेल तर जागा बघायला जाताना टेपसोबत एक पोतंही न्या. पन्नासेक किलो वाळू भरा, एखादी जुनी मॅट टाका, दोघांनी टेबलावर उभं राहून ते पोतं छातीच्या उंचीवरून सोडा. एका माणसाला खालच्या मजल्यावर उभं करा. वेळ संध्याकाळी सातची निवडा, दुपारची नाही. मालक विचित्र नजरेने बघेल, बघू दे. फक्त पोतं सोडण्याआधी खाली कोण बसतं ते विचारून घ्या, आणि दातांचे डॉक्टर असतील तर पेशंटचं तोंड मोकळं होईपर्यंत थांबा.