१०५० टीआयच्या डब्यात निघालं २०११ चं ग्राफिक्स कार्ड: नागपूरच्या बर्डीवर झालेली माझी फसवणूक

पहिला गेमिंग पीसी असेंबल करायचाय आणि पैसे मोजकेच आहेत अशी ज्यांची परिस्थिती आहे त्यांनी हे प्लीज पूर्ण वाचा. दुकानाचं नाव लिहित नाही, कारण एक दुकान टाळून तुम्ही वाचणार नाही, फसवायची पद्धत कळली तर वाचाल.

मे २०२४ ची गोष्ट आहे. माझ्याकडे ट्यूशन घेऊन जमवलेले २० हजार होते आणि आईने तिच्या भिशीचे १५ दिले, असे एकूण ३५. दोन महिने व्हिडिओ पाहून पाहून मी वहीत लिस्ट बनवली होती. आय थ्री १२१००एफ प्रोसेसर ८ हजार, एच ६१० मदरबोर्ड साडेपाच, १६ जीबी रॅम ३,२०० रुपये, ५०० जीबी एनव्हीएमई स्टोरेज ३ हजार, चांगल्या कंपनीचा एसएमपीएस (सगळ्या पार्टना वीज देणारा डबा) ३ हजार, कॅबिनेट अडीच आणि जीटीएक्स १६५० ग्राफिक्स कार्ड (स्क्रीनवर चित्र काढतं ते) १३ हजार. टोटल ३८,२००. म्हणजे ३,२०० कमी पडत होते आणि माझा घोळ इथूनच सुरू झाला, कारण दुकानात जाऊन मी पहिलंच वाक्य हे बोललो की भाऊ माझ्याकडे ३५ च आहेत, यात बसवून द्या. आपलं बजेट पहिल्या वाक्यात सांगू नका, लिस्ट द्या आणि प्रत्येक पार्टचा भाव वेगळा लिहून मागा.

मानेवाड्याहून मी दुपारी बर्डीला गेलो. दुकानदार वयाने मोठा, बोलायला एकदम गोड. लिस्ट पाहिली आणि म्हणे, "बाकी सगळं बरोबर आहे दादा, फक्त १६५० चा स्टॉक नाही आणि तुले त्याची गरज पण नाही. १०५० टीआय घे, ४ जीबी, नवीन बॉक्स पॅक, तीन वर्षं वॉरंटी, साडेआठ हजारात. अन् एसएमपीएस कायले एवढा महाग घेऊन राहिला, हा पाचशे वॅटचा आहे, तेराशे रुपये." झालं, ३८,२०० चे सरळ ३२ हजार झाले, वरून ३ हजार उरले. मला तर वाटलं देव भेटला.

आता एक गोष्ट नीट वाचा. माझ्याकडे घरी जुना मॉनिटर होता, फक्त निळ्या व्हीजीए पोर्टचा. ते मी दुकानदाराला सांगितलं तर त्याने लगेच डबा उघडला आणि कार्ड फिरवून दाखवलं, "हे पाय, व्हीजीए आहे यात, मॉनिटरचा पण खर्च वाचला तुझा." मी खूश झालो. आणि तोच पोर्ट सगळ्यात मोठा पुरावा होता की कार्ड नकली आहे. १०५० टीआय हे एनव्हिडिया कंपनीच्या पास्कल पिढीचं कार्ड, ऑक्टोबर २०१६ मध्ये आलेलं, आणि पास्कलच्या चिपमधून व्हीजीएचा अॅनलॉग सिग्नल निघतच नाही. खऱ्या कार्डावर एचडीएमआय, डिस्प्लेपोर्ट आणि डीव्हीआय डी असतात. ज्याच्याकडे जुना मॉनिटर आहे तोच बजेटवाला गिऱ्हाईक असतो आणि त्यालाच हे कार्ड बरोबर खपवता येतं, हे मला खूप उशिरा समजलं.

मग बिल. मी बिल मागितलं तर म्हणे पक्कं बिल पाहिजे तर १८ टक्के जीएसटी वरून लागेल, ३२ हजारावर ५,७६०, आणि तसं पण वॉरंटी माझी आहे, मी कुठे पळून चाललो. ५,७६० हा आकडा ऐकून माझं तोंड बंद झालं. २ हजार टोकन म्हणून यूपीआयने दिले, ३० हजार कॅश. हातात काय आलं तर एक चिठ्ठी, त्यावर पेनने लिहिलेलं "असेंबल पीसी १ नग ३२,०००". ना पार्टचं नाव, ना सीरियल नंबर, ना दुकानाचा जीएसटी नंबर. मी ती चिठ्ठी पाकिटात नीट घडी करून ठेवली, अजून आहे माझ्याजवळ.

संध्याकाळी पीसी तयार झाला, विंडोज १० टाकून दिली. अकरा का नाही विचारलं तर म्हणे गेमिंगला दहाच चांगली. आणि निघताना मुद्दाम सांगितलं, "ग्राफिक्सचा ड्रायव्हर अपडेट करू नको, मी सेट करून दिला आहे, बिघडून जाईन." हे वाक्य कुठल्याही दुकानदाराच्या तोंडून ऐकलं की तिथेच थांबा. खऱ्या कार्डाला कंपनीचा ड्रायव्हर डाउनलोड करून टाकायला काहीच प्रॉब्लेम नसतो.

घरी पहिले दोन दिवस छान गेले. व्हॅलोरंट गेम सगळं लो वर ठेवून चालून राहिलं होतं. तिसऱ्या दिवशी जीटीए फाइव्ह लावला आणि पाच मिनिटांत रस्ते, गाड्या, माणसं सगळी करडी व्हायला लागली, मग स्क्रीन काळी आणि कॉम्प्युटरच बंद. पुन्हा चालू केला, पुन्हा बंद. दुकानदाराला फोन केला तर म्हणे उन्हाने होतं, नागपूर आहे, कूलरसमोर ठेव. आणि मला ते पटलं हो! तेव्हा ऊनच तसं होतं, त्याच महिन्याच्या शेवटी इथल्या एका ऑटोमॅटिक केंद्रावर ५६ अंश दाखवलं होतं, नंतर हवामान खात्याने सांगितलं की सेन्सरच बिघडला होता. त्या उन्हात मी कूलर माझ्यावरून हटवून कॅबिनेटकडे वळवला आणि स्वतः घामात बसलो.

शेवटी मामेभाऊ आला, तो रिपेअरिंगचं काम करतो. त्याने कॅबिनेटची साइड उघडली आणि पहिलाच प्रश्न विचारला, "काऊन बे, १०५० टीआयला ही पॉवरची वायर कायले लावली?" बहुतेक १०५० टीआय ७५ वॅटमध्ये चालतात, स्लॉटमधूनच पॉवर घेतात. माझ्या कार्डाला सहा पिनची वायर होती, ती पण मोलेक्स नावाच्या चार पिनच्या जुन्या वायरला जोड लावून. मग त्याने पेनड्राइव्हवरून जीपीयू झेड चालू केलं. छोटंसं फुकटचं सॉफ्टवेअर आहे, एक मिनिट लागतो. कार्डाच्या नावाच्या आधी कंसात इंग्रजीत मोठ्या अक्षरात लिहून आलं: फेक. २०१८ पासून त्या सॉफ्टवेअरमध्ये ही सोय आहे आणि मला एकाही व्हिडिओत ते कळलं नव्हतं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये मात्र १०५० टीआयच दिसत होतं, कारण कार्डाचं बायोस, म्हणजे त्याच्या आतलं सॉफ्टवेअर, बदललं की विंडोजला तेच नाव दिसतं. नुसत्या नावावर विश्वास ठेवू नका.

मग आम्ही कार्ड काढून मागचे चार स्क्रू सोडले, हीटसिंक उचलला आणि चिपवरची वाळून कडक झालेली पेस्ट जुन्या बनियनच्या कापडाने पुसली. खाली कोरलेलं होतं जीएफ ११६. ही जीटीएक्स ५५० टीआयची चिप. बाजूला तारखेचा कोड होता, पहिले दोन आकडे ११, म्हणजे २०११ साल. खऱ्या १०५० टीआयमध्ये ७६८ कोर आणि ४ जीबी मेमरी असते, यात १९२ कोर आणि १ जीबी. म्हणूनच गेमने १ जीबीच्या वर मेमरी मागितली की सगळं करडं. विंडोज १० का टाकली तेही मामेभावाने सांगितलं, इतक्या जुन्या कार्डाला मदरबोर्डमध्ये सीएसएम (जुन्या हार्डवेअरसाठीची सेटिंग) चालू ठेवावं लागतं आणि ते चालू असलं की सिक्युअर बूट नावाची सुरक्षा चालू होत नाही, अकरावर व्हॅलोरंटला तर ते लागतंच. मी खाटेवर बसून नुसतं ऐकत होतो. आई दारात उभी होती, तिने फक्त विचारलं की काही खराब झालं का रे, आणि मला तिला लगेच सांगता आलं नाही.

एसएमपीएसची गोष्ट वेगळी. वर मोठ्या अक्षरात ५०० वॅट, पण बाजूच्या स्टिकरवर बारीक अक्षरात १२ व्होल्टच्या लाइनला १४ अॅम्पिअर. १२ गुणिले १४ म्हणजे १६८ वॅट, आणि कार्ड, प्रोसेसर दोन्ही याच लाइनवर चालतात. ५५० टीआय एकटं ११६ वॅटपर्यंत ओढतं, १२१००एफ जोरात चालला की ८९ पर्यंत जातो. बेरीज करा, बंद पडणारच. ऊन नव्हतं ते. एसएमपीएस घेताना १२ व्होल्टचा आकडा वाचा आणि हातात उचलून पाहा, आमचा तर रिकाम्या डब्यासारखा हलका होता.

दुसऱ्या दिवशी दुकानात गेलो तर तोच माणूस, पण आवाज बदललेला. "स्क्रू कोणी उघडले? वॉरंटी गेली. आणि हे कार्ड माझं आहे कशावरून?" खरंच, कशावरून? चिठ्ठीवर कार्डाचं नावच नव्हतं. स्क्रू उघडायच्या आधी मी जीपीयू झेडचा स्क्रीनशॉट आणि कार्डावरच्या नंबरचा व्हिडिओ घ्यायला पाहिजे होता, तुमच्यावर अशी वेळ आली तर आधी ते करा आणि कार्ड उघडू नका.

माझं नशीब एवढंच की उरलेली कॅश द्यायच्या आधी मी व्हॉट्सअॅपवर विचारलं होतं की १०५० टीआय नवीनच आहे ना, आणि त्याने "हो नवीन, ३ इयर वॉरंटी" असं टाकलं होतं. ते आणि २ हजाराची यूपीआयची पावती घेऊन मी १९१५ ला फोन केला, ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, मराठीतही बोलता येतं. तिथे तक्रार नोंदवली. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ वाचला तेव्हा कळलं की बिल न देणं हीच अनुचित व्यापार प्रथा धरली जाते आणि बिलात मुदत लिहिली नसेल तर खराब वस्तू ३० दिवसांत परत घ्यायला नाही म्हणणं हे सुद्धा. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी लागत नाही, वकील पण सक्तीचा नाही. हे मी दुकानदाराला मेसेजवर शांतपणे लिहून पाठवलं, शिवी नाही, धमकी नाही. तीन आठवड्यांनी त्याचा फोन आला आणि साडेआठपैकी ६ हजार परत मिळाले. एसएमपीएसचे नाहीच दिले. मी पुढे आयोगात गेलो नाही, परीक्षा होती, आणि त्याची मला अजून खंत आहे.

आणि १८ टक्क्यांचं काय, तर डब्यावर छापलेल्या किमतीत टॅक्स आधीच धरलेला असतो, म्हणून भाव विचारतानाच "जीएसटी बिलासकट किती" असं विचारा. बिलावर दुकानाचा १५ अक्षरांचा जीएसटी नंबर पाहिजे, आपल्या महाराष्ट्राचा २७ ने सुरू होतो. प्रोसेसर डब्यासकटच घ्या आणि डब्यावरचा नंबर प्रोसेसरवरच्या नंबरशी जुळवा, सुटा ट्रेवाला दिला तर इंटेलची तीन वर्षांची वॉरंटी तुम्हाला मिळत नाही. आणि कॉम्प्युटर दुकानातच चालू करून, नेट लावून, जीपीयू झेड समोर उघडून पाहा, त्यात दुकानदाराला राग आला तर येऊ द्या.

माझा कॉम्प्युटर जूनपासून मामेभावाच्या जुन्या जीटी ७१० कार्डावर चालला, कारण एफवाल्या प्रोसेसरमध्ये ग्राफिक्सच नसतं, कार्डाशिवाय स्क्रीनच येत नाही. अभ्यास व्हायचा, गेम नाही. डिसेंबरमध्ये आम्ही सीलबंद १६५० घेतलं, सोबत नवीन एसएमपीएस आणि जुन्या मॉनिटरसाठी साडेतीनशे रुपयांचा एचडीएमआय टू व्हीजीए कन्व्हर्टर. यावेळी आई सोबत आली होती. तिने चष्मा लावला, डबा काउंटरवर आपल्याकडे ओढला, बिलावरचा सीरियल नंबर आणि डब्यावरचा नंबर एकेक आकड्यावर बोट ठेवून मोठ्याने वाचला, दुकानातला पोरगा थांबून राहिला, आणि शेवटचा आकडा जुळल्यावरच तिने पर्स उघडली.