नव्वद किलोच्या वरच्या पोराला कुठली पंचिंग बॅग घ्यावी?

पुण्यातल्या खेळाच्या दुकानांत पंचिंग बॅग म्हणून जे सर्रास मिळतं, त्यातलं फार थोडं जड गटाच्या पोराच्या कामाचं आहे. तीन फुटी, रेक्झिनची, वीस-पंचवीस किलोची भरलेली बॅग साठ किलोच्या मुलाला पुरते. नव्वद किलोच्या पोराने तिच्यावर सरळ उजवा ठोसा घातला की ती उडते, आणि पुढचा अर्धा वेळ तिला थांबवण्यात जातो. बॅग साधारण अंगाच्या निम्म्या वजनाची हवी. बॉक्सिंगमधला सगळ्यात जड गट, व्यावसायिक हेवीवेट, 200 पौंडांच्या, म्हणजे 90.7 किलोच्या वर सुरू होतो. तेव्हा 45 किलोच्या खालची बॅग बघूच नका, 55 मिळाली तर उत्तम.

तयार भरलेल्या बॅगेचा मोठा दोष तळाशी असतो. आत बारीक कातरण आणि वजनाला वाळू. महिना-दोन महिन्यांत वाळू खाली बसते, वरचा भाग पोकळ होतो आणि तळ दगड. पोटाच्या उंचीवर हुक, म्हणजे बाजूने वळवून ठोसा, मारला की मनगट गेलं. दुसरा दोष पट्ट्यांचा. शिवलेल्या पट्ट्यांवर लटकणारी बॅग जड पोरापुढे टिकत नाही, टाका उसवत जातो. लोखंडी डी-कडी आणि चार साखळ्या असलेलीच घ्या.

म्हणून आमची पसंती रिकाम्या बॅगेला: चार फूट लांब, 14 इंच व्यास, जाड कॅनव्हास. चामडं जास्त टिकतं, पण पुण्याच्या पावसाळ्यात बंद खोलीत त्यावर बुरशी धरते, रोज पुसावं लागतं. या मापात साधारण 120 लिटर जागा असते. सुती चिंध्या ठासून भरल्या तर 40 ते 45 किलो होतात. चिंध्या शिंप्याकडे मिळतात. बटणं, चेन, हुक आधी काढा. एका वेळी वीतभर थर, आधी कडेने, मग मध्ये, आणि प्रत्येक थर जाड दांडक्याने ठेचायचा. घाई केली की मध्ये पोकळी राहते आणि नेमका तिथेच खड्डा पडतो. वजन वाढवायचं तर दोन-दोन किलो वाळूच्या पाच थैल्या, दुहेरी प्लास्टिकमध्ये बांधून, बरोबर मधोमध उभ्या ओळीत ठेवा. भोवती चिंध्यांचा किमान चार इंचांचा थर हवा. वाळू कधीही सुटी ओतू नका.

टांगणीचं सामान बोहरी आळीत एका फेरीत मिळतं: चार भोकांची प्लेट, अँकर फास्टनर (स्लॅबमध्ये घट्ट बसणारा बोल्ट), डी-शॅकल (पिनने बंद होणारी कडी), फिरकी (गोल फिरणारी कडी). फिरकी नसेल तर साखळीला पीळ पडून कडी झिजते. सगळं सामान बॅगेच्या चौपट भार पेलणारं घ्या, कारण झोका बसला की भार वजनाच्या कितीतरी वर जातो. फॉल्स सीलिंगला टांगायचा विचारही नको, थेट स्लॅब हवा. भोक पाडताना सळई लागली तर प्लेट सरकवा, सळई कापू नका. जुन्या वाड्यात तुळईला भोक न पाडता साखळी गुंडाळा, मध्ये टायरच्या रबराचा तुकडा. तुळई किडलेली असेल तर सरळ जमिनीवरचा लोखंडी स्टँड घ्या. भोवती चारही बाजूंनी चार फूट मोकळे हवेत, कारण कोपऱ्यातल्या बॅगेवर पाय शिकत नाहीत.

तापट, दांडगा मुलगा राग काढेल म्हणून बॅग घेणारे पालक बरेच असतात, आणि त्यांच्या तोंडी अमेरिकी हेवीवेट बॉक्सर सनी लिस्टनचं नाव येतं. लुटीच्या गुन्ह्यात 1950 मध्ये तो मिसुरीच्या जेफरसन सिटीतल्या तुरुंगात गेला. तिथल्या पाद्र्याने त्याला बॉक्सिंगकडे वळवलं. 1952 च्या ऑक्टोबरात पॅरोल, 1953 मध्ये गोल्डन ग्लोव्ह्ज ही हौशी बॉक्सरांची स्पर्धा जिंकली, आणि 25 सप्टेंबर 1962 ला शिकागोत फ्लॉइड पॅटरसनला 2 मिनिटं 6 सेकंदांत पाडून जगज्जेता. हे खरंच आहे. पण त्याला तुरुंगात रिंग मिळाली, समोर उलटा मारणारी माणसं मिळाली. दुसरा हेवीवेट रॉन लाइलही कोलोरॅडोच्या तुरुंगात असाच घडला आणि 1975 मध्ये मुहम्मद अलीसमोर अकराव्या फेरीपर्यंत उभा राहिला. घरी एकट्याने बॅग बडवून गार्ड, म्हणजे तोंडासमोर धरलेले हात, खाली पडायची सवय लागते, आणि ती मोडायला शिक्षकाला महिने लागतात. आधी बॉक्सिंगच्या आखाड्यात तीन-चार महिने, मग घरी बॅग. लिस्टनचा सारा खेळ डाव्या जॅबवर, म्हणजे पुढच्या हाताच्या झटपट सरळ ठोशावर, उभा होता, म्हणून पहिल्या दोन फेऱ्या फक्त जॅबच्या.

हाताला 4.5 मीटरची पट्टी, वर 16 औंसचे ग्लोव्ह्ज. मोठ्या मुठीच्या मुलाने दुकानात पट्टी बांधूनच ग्लोव्ह घालून बघावा, उघड्या हाताने बरोबर बसलेला ग्लोव्ह घरी हमखास आवळतो. सुरुवात दोन मिनिटांच्या चार फेऱ्या, मध्ये एक मिनिट विश्रांती. बॅग अंगावर येत असताना ठोसा मारायचा मोह नव्या पोराला आवरत नाही. 55 किलो समोरून आले की मनगट वाकतंच. ती शेवटच्या टोकाला थबकते, तेव्हा मारा.

पहिले दोन महिने चिंध्या बसत राहतील, तेव्हा दर पंधरा दिवसांनी वरून दोन-तीन किलो ठासा आणि त्याच वेळी शॅकलची पिन हाताने फिरवून बघा.